सुरईची मान

हस्तकलेच्या त्या प्रदर्शनात जागा मिळणं सोपं नव्हतं. दर दोन वर्षांनी ते भरायचं, आणि आलेल्या वस्तूंपैकी फार थोड्या आत घेतल्या जायच्या. वस्तू कुणाची हे परीक्षकांना कळू द्यायचं नाही, असा नियम होता. टेबलावर नुसती वस्तू आणि तिच्या पुढ्यात क्रमांक. दुसरा नियम त्याहून कडक : वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हातची हवी. दुसऱ्याचा हात लागलाय असं दिसलं की ती बाद, मग कितीही देखणी असो.

परीक्षक तिघं होते. अध्यक्ष होत्या त्या हातमागावर आयुष्य घालवलेल्या; त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. दुसरा काचेची भांडी फुंकणारा. मोठ्या आवाजाचा, तोंडावर बोलणारा, पण मनात काही न ठेवणारा. तिसरे मास्तर. ते कलाशाळेत धातुकाम शिकवत. केस पिकलेले, बोलणं बेताचं, आणि कोटाच्या खिशात कायम एक भिंग.

वस्तू एका जुन्या व्यायामशाळेत मांडल्या होत्या. उंच खिडक्यांतून ऊन येत होतं, आणि जमिनीवर खेळाच्या पुसट झालेल्या पांढऱ्या रेषा अजून दिसत होत्या. तिघं एकेका रांगेतून सावकाश फिरत होते. टोपल्या झाल्या, लाकडी पेट्या झाल्या, चामड्याचं काम झालं. तिसऱ्या रांगेच्या टोकाला तांब्याची एक सुरई उभी होती.

मास्तरांचं पाऊल तिथंच अडलं.

तांब्याचं भांडं आकाराला आलं की ते लोखंडी खुंटावर चढवतात आणि हलक्या हातोड्यानं अंगभर ठोकतात. त्याला मठारणं म्हणतात. पत्रा त्यानं कणखर होतो, आणि भांड्यावर माशाच्या खवल्यांसारख्या चकाकत्या खुणांच्या ओळी उमटतात. ज्याला ते वाचता येतं त्याला भांडं कुणी ठोकलं हे अक्षरावरून माणूस ओळखावा तसं ओळखता येतं. या सुरईच्या पोटावरच्या ओळी इतक्या जवळ आणि इतक्या सारख्या होत्या की मध्ये केस ठेवायला जागा नव्हती. आणि त्या उलट्या बाजूला कललेल्या होत्या. डावखुऱ्या हाताच्या.

काचवाल्यानं सुरई उचलली, खिडकीकडे धरून फिरवली.

"काय काम आहे हो! पाण्यावरून वारा गेल्यासारखं," तो म्हणाला. मग त्यानं बोट वर नेलं आणि त्याचा चेहरा बदलला. "आणि ही मान? ही कुणी केली?"

मान खरंच बिघडलेली होती. खांद्यापर्यंत सगळं शिस्तीत चढत आलं होतं. तिथून वर ओळी भरकटल्या होत्या. खुणा एकमेकींवर चढल्या होत्या, काही खोल, काही नुसत्याच घासल्यासारख्या.

"माझं सरळ मत आहे," काचवाला म्हणाला. "घडवली उस्तादानं, पुरी केली शिकाऊनं. म्हातारा दमला असेल आणि म्हणाला असेल, घे बाबा, वरचं तू उरक. हात दोन आहेत. नियमानं बाद."

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "मास्तर, धातू तुमचा प्रांत. तुम्ही बोला."

मास्तरांनी सुरई हातात घेतली. भिंग काढलं, मानेजवळ धरलं. मग ते पोटावर आणलं, पुन्हा मानेवर नेलं. शेवटी त्यांनी भिंग खिशात टाकलं, पण ते खिशात न जाता खाली पडलं, आणि ते उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

"हात एकच आहे," ते म्हणाले.

"कशावरून?" काचवाल्यानं विचारलं.

"वरच्या खुणाही डावीकडूनच पडल्यात. हातोड्याच्या तोंडाला एका कडेला बारीक टवका आहे, त्याचा ओरखडा खालीही आहे आणि वरही. आणि प्रत्येक ओळ जिथं संपते तिथं शेवटचा घाव मुद्दाम हलका टाकलाय, म्हणजे पुढची ओळ त्यात मिसळते. ही खोड शिकाऊला नसते."

"मग मान अशी का?"

"नीट बघा. प्रत्येक घावाला चिकटून एक पुसट घाव आहे." मास्तरांचा आवाज खाली आला. "हातोडा टेकतानाच हात थरथरतोय. एकदा मारलं की दोनदा लागतंय. खाली हे कुठंच नाही. खांद्यापाशी कधीतरी एखादं दिसतं, आणि वर जाऊ तसं वाढत गेलंय. ज्यानं ही केली त्याचा हात... ती करता करताच गेलाय."

बाई मास्तरांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "हे काम तुम्ही ओळखता."

"माझ्या बहिणीचं आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी सुरई जागेवर ठेवली. "मला यावर मत देता येणार नाही. मी बाहेर बसतो."

बाहेरच्या बोळात एक लांबलचक बाक होता. मास्तर त्यावर जाऊन बसले.

आई गेली तेव्हा ते इतके लहान होते की तिचा चेहरा त्यांना फोटोवरूनच माहीत. आठवण होती ती ताईची. बाप तांब्याची भांडी घडवायचा, आणि त्या धंद्यात कान जातात तसे त्याचे लवकर गेले. गिऱ्हाईक काय म्हणतं हे त्याला कळेना, म्हणून ताईनं शाळा सोडली आणि दुकानात बसली. आधी नुसती बोलायला, मग ठोकायला. लोक म्हणाले, पोरीच्या जातीला हातोडा कशाला. बापाला ते ऐकूच आलं नाही, आणि ताईनं ऐकून सोडून दिलं. धाकटा भाऊ भट्टीजवळ चिमटा धरून बसायचा म्हणून तिनं त्याचं नाव 'चिमट्या' पाडलं होतं. त्याला कलाशाळेत तिनंच घातलं.

बाप गेला त्या आठवड्यात मास्तर तिला म्हणाले होते, मी नोकरी सोडतो, आपण दोघं मिळून दुकान चालवू. ताईनं हातातलं काम खालीसुद्धा ठेवलं नव्हतं. म्हणाली, "तुझ्या हाताला आता खडू शोभतो. माझ्यावर दया करायला येऊ नकोस. जा."

ते गेले. शब्द एवढासा होता, पण कुसळासारखा आत जाऊन बसला. पुढं ताईचेही कान गेले आणि फोन म्हणजे दोन्हीकडून नुसतं ओरडणं झालं. मग फोनही थांबले. भांडण असं म्हणण्यासारखं काही नव्हतं. नुसती वर्षं गेली.

दार उघडून बाई बाहेर आल्या. त्यांनी मास्तरांचं भिंग आणलं होतं.

"निकाल तुम्हाला सांगायलाच हवा, पण जाहीर व्हायच्या दिवसापर्यंत तो तुमच्यापाशीच राहिला पाहिजे," त्या म्हणाल्या. "काचवाल्यांचं मत 'नाही'. माझं मत 'हो'. बरोबरी झाली की अध्यक्षाचा शब्द. घेतली आपण."

"बाई, माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळे काहीही नाही. निम्मी भिंत ढासळलेली असली तरी उरलेली कसल्या गवंड्यानं बांधली ते मला ओळखता येतं." त्यांनी भिंग त्यांच्या हातात ठेवलं. "उरलेल्या रांगा उद्या बघू. तुम्ही इथं बसून काय करताय? जा की."

मास्तर तिथूनच निघाले.

दुकानाच्या गल्लीत ते शिरले तेव्हा दुपार कलली होती. लहानपणी या गल्लीत दोन माणसांना बोलायचं असलं तर हातवारे करावे लागत, इतकी ठोकाठोक. आता एका दुकानात मोबाइलची कव्हरं लटकत होती, दुसऱ्यात छत्र्या आणि पट्टे. चालता चालता मास्तरांच्या लक्षात आलं की आपल्याला आपल्या बुटांचा आवाज ऐकू येतोय.

शेजारचा कुलूपवाला किल्लीला कानस मारत बसला होता. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"अरेच्चा! आज सूर्य कुठून उगवला?"

"ताई आहे?"

"आहे म्हणजे काय, जाणार कुठं?" त्यानं कानस ठेवली आणि आवाज उतरवला. "बरं झालं आलात. प्रदर्शनाला सुरई मीच नेऊन दिली. रजईत गुंडाळून, मांडीवर घेऊन, जशी काही नात आहे माझी. फॉर्मही मीच भरला. तिनं नुसती सही केली. आणि सही तरी कसली, सुरुवातीचं अक्षर बरं आणि मग बारीक होत होत शेवटी मुंगी! मी म्हटलं, ही सही कुणी बँकेत दाखवली तर पोलीस येतील."

तो हसला, पण हसू अर्ध्यावरच विझलं. "बघा आता तुम्हीच. माझं ऐकत नाही. ऐकूच येत नाही म्हणते."

दुकानाचं दार लोटलेलं होतं. मास्तर आत गेले. भट्टी थंड होती. हातोडे भिंतीवर लहान-मोठ्या क्रमानं टांगलेले, एकही जागेवरून हललेला नाही. ताई खिडकीशी खुर्चीवर बसून तांब्याची कात्रणं निवडत होती, एकट्या उजव्या हातानं. डावा हात मांडीखाली दाबलेला. सावली पडली तशी तिनं वर पाहिलं.

"कोण मेलं?" तिनं विचारलं. बहिऱ्या माणसासारखा तिचा आवाज नको तेवढा मोठा होता.

"कुणी नाही."

"मग तू कसा आलास?"

मास्तर तिच्या समोर स्टुलावर बसले, तिला ओठ दिसतील असे. काय बोलायचं हे गल्लीभर ठरवत आले होते, ते सगळं विसरले. ते नुसते म्हणाले, "तुझी सुरई पाहिली."

ताईचा हात कात्रणांतच थांबला. "तू आहेस होय त्यांच्यात? या मेल्या कुलूपवाल्यानं सांगितलं नाही मला." मग लगेच, "घेतली का?"

"ते सांगता येत नाही. नियम आहे."

ती हसली. तिचे पुढचे दोन दात गेलेले मास्तरांनी तेव्हा पाहिले. "शाळेतसुद्धा असाच होतास. मार्क विचारले की म्हणायचास, बाई म्हणाल्यात घरी सांगू नका."

"ताई, हात बघू."

"कुठला?"

"ताई."

तिनं मांडीखालचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. उकळत्या भांड्यावरचं झाकण हलावं तसा तो हलत होता. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो तिसऱ्याच कुणाचा होता.

"कधीपासून?"

"सुरई निम्मी झाली तेव्हापासून. आधी म्हटलं, दमलाय. ज्या दिवशी बरा असायचा त्या दिवशी ठोकायचे. मग बरे दिवस कमी कमी होत गेले. मान तेवढी राहिली होती. म्हटलं, आता थांबले तर ही बिनमानेचीच राहील. केली मग. जशी झाली तशी."

"कुणाला दाखवलंस?"

"काय दाखवायचं? डॉक्टर म्हणणार, हात हलतोय. ते मला दिसतंय की."

"मला कळवायचं नाही?"

"कसं? फोनवर मला ऐकू येत नाही. पत्र लिहावं तर अक्षर वाचायला तुला भिंग लागलं असतं."

मास्तरांना हसू आलं नाही. ते उठले, भट्टीपर्यंत गेले, परत आले. "मी शाळेतून रजा काढतो. इथं येऊन राहतो."

ताईचा चेहरा एकदम आवळला. मास्तरांना तो चेहरा चांगला आठवत होता. "हे बघ, माझ्यावर दया..."

"दया नाही," मास्तर म्हणाले. ते ओरडलेच, आणि तिला ऐकू गेलं. "आणि मी जाणारही नाही. मागच्या वेळी हाकललंस तसं गेलो. आता माझंही वय झालं. इतक्या लांब परत चालवत नाही."

बाहेर कुलूपवाल्याची कानस थांबली होती.

ताईनं पुढ्यातली कात्रणं उजव्या हातानं बाजूला सारली. मग म्हणाली, "हाकललं, हे खरं."

"का पण?"

"का म्हणजे? बाबा बहिरे होऊन गेले. मी तेव्हाच अर्धी झाले होते, तुला कळू दिलं नव्हतं. तू बसला असतास इथं ठोकत, तर तुझेही गेले असते. घराण्यात एक तरी कान शाबूत नको?"

"हे तेव्हा सांगायचं."

"सांगितलं असतं तर गेला असतास?"

मास्तर पुन्हा स्टुलावर बसले. हलणारा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो तिथंही हलतच राहिला, पण ताईनं काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर उरलेल्या रांगा बघून परत आले आणि त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं ताईला बोटं मिटायला-उघडायला लावली, चालायला लावलं, कागदावर गोल काढायला लावले. ताईसाठी तिनं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं : कंपवात. औषधानं हात शांत राहील, रोज काही तास, अशी काही वर्षं. आजार जाणार नाही. ताईनं ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मुलगी चांगली आहे. उगाच गोड बोलली नाही."

प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा ताई म्हणाली, मी जाणार नाही. प्रत्येक कारागिरानं आपल्या कामापाशी उभं राहायचं आणि एकदा लोकांसमोर काम करून दाखवायचं, असं त्यात लिहिलं होतं. "हे काय दाखवू?" तिनं डावा हात पुढं केला. मास्तरांनी आग्रह केला नाही. कुलूपवाल्यानं दोन दिवस केला आणि शिव्या खाल्ल्या. पण आदल्या दिवशी सकाळी ती स्वतःच ठेवणीतली शाल काढून झटकायला लागली. "ती तिथं एकटीच उभी राहणार," ती म्हणाली. "कुणी काही विचारलं तर सुरई सांगणार आहे का?"

तीच व्यायामशाळा, पण आता दिवे लागलेले आणि माणसांची गर्दी. ताई आपल्या टेबलामागे ताठ बसली होती. मास्तर परीक्षक होते, म्हणून तिच्यापाशी न थांबता समोरच्या भिंतीशी बसले होते. लोक यायचे, सुरईच्या पोटावरून हात फिरवायचे, मानेपाशी आले की थबकायचे. कुणी विचारायचं नाही. शेवटी गर्दीतल्या एकीनं विचारलं, "हे वरचं मुद्दाम केलंय का हो? वेगळं दिसावं म्हणून?"

ताईनं तिचे ओठ वाचले. "नाही. हात हलला."

"अच्छा," ती म्हणाली आणि ओशाळून पुढं गेली. ताईला मात्र बरं वाटलेलं दिसलं. त्यानंतर कुणी मानेकडे बघू लागलं की ती आपणहूनच सांगायची, "हात हलला," जशी काही गावाचं नाव सांगतेय.

थोड्या वेळानं काचवाला आला. तिच्या बरोबर समोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मी तुमच्या विरुद्ध मत दिलं."

मास्तर भिंतीपासून उठायला लागले, पण ताईकडे बघून परत बसले.

"का?" तिनं विचारलं.

"मान बिघडलीय. आधी तर मला वाटलं, दुसऱ्यानंच केलीय."

"दुसऱ्यानं?" ताईचा आवाज सगळ्या दालनात गेला. "माझ्या सुरईला दुसऱ्याचा हात?"

"त्याचीच माफी मागायला आलोय. तुमच्या भावानं दाखवलं तेव्हा कळलं. पण मत मी बदललं नाही. मान बिघडलेली ती बिघडलेलीच."

ताईनं मान डोलावली. "बरोबर केलंत. मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं."

"मग पाठवलीत कशाला?"

"खालच्या कामासाठी." तिनं उजव्या हाताचं बोट सुरईच्या पोटावर ठेवलं. "असं माझ्याकडून आधी कधी झालं नव्हतं. आणि आता होणार नाही. चार माणसांनी बघायला हवं होतं."

काचवाला वाकला. सुरईचा तो खालचा भाग तळापासून वर, एकेक ओळ, बघत राहिला. मागं लोक खोळंबले तरी त्यानं घाई केली नाही.

काम करून दाखवायची तिची पाळी आली तेव्हा मास्तरांना वाटलं, ती नाही म्हणेल. पण ती उठली. मधोमध लाकडाच्या ओंडक्यात लोखंडी खुंट ठोकून ठेवला होता. तिनं तांब्याचा एक गोल पत्रा त्यावर धरला आणि डाव्या हातात हातोडा घेतला. औषधाचा अंमल सरत आला होता. हातोडा हवेतच डुगडुगायला लागला. माणसं जवळ सरकली.

तिनं घाव घातला. दोन खुणा उमटल्या. पुन्हा घातला, पुन्हा दोन. ती थांबली नाही. ओठ घट्ट मिटून ती ठोकत राहिली, आणि वाकड्यातिकड्या खुणा पत्र्यावर वाढत गेल्या. काही लोकांनी नजर दुसरीकडे वळवली. मास्तरांना आपले हात कुठं ठेवावेत हे कळेना.

मग तिनं हातोडा खाली ठेवला, मान वर केली आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं ओरडली, "चिमट्या!"

माणसं इकडंतिकडं बघायला लागली. पिकल्या केसांचे, कोट घातलेले मास्तर भिंतीपासून उठले.

"ये इकडं. बस."

मास्तर तिच्यासमोर बसले. कोट काढायलाही ते थांबले नाहीत. त्यांनी हातोडा घेतला. ताईनं उजव्या हातानं पत्रा खुंटावर धरला. तो हात स्वस्थ होता. ती पत्रा केसभर सरकवायची आणि मान हलवायची, की मास्तर घाव घालायचे. पहिले काही घाव धड पडले नाहीत.

"मारू नकोस," ती म्हणाली. "उचल आणि पडू दे. वजन त्याचं त्याला आहे."

मास्तरांनी उचलला आणि पडू दिला. पत्रा सरकला. पुन्हा पडला. हळूहळू एक ओळ तयार झाली. फार सरळ नव्हती, पण ओळ होती, आणि तिच्यातला प्रत्येक घाव एकटा होता.

"झालं!" गर्दीतून कुलूपवाल्याचा आवाज आला. "दोन माणसांचा हात! हे बाद!"

लोक हसले. बाई तर डोळे पुसत हसल्या. ताईला ऐकू आलं नव्हतं. तिनं मास्तरांना विचारलं, काय म्हणाला तो? मास्तरांनी सांगितलं. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, तू तुझी कुलपं बघ," आणि पत्रा पुढं सरकवला.

बक्षीस एका टोपलीला मिळालं, आणि ती टोपली खरोखर बक्षिसाच्या लायकीची होती. सुरई एका म्हाताऱ्या जोडप्यानं विकत नेली. ताईनं ती स्वतः कागदात गुंडाळून दिली. त्यांना ओल्या कापडानं पुसू नका म्हणून बजावलं. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती, आणि मास्तरांनी तिला काही विचारलं नाही.

मास्तरांनी कलाशाळेतले तास निम्मे केले आणि गल्लीतल्या दुकानावरच्या खोलीत राहायला आले. सकाळी औषधानं ताईचा हात जरा शांत असे, तेव्हा ते भट्टी पेटवत. कानांत ते कापसाचे बोळे घालून बसत. त्याशिवाय ताई त्यांना हातोड्याला हात लावू देत नसे. ती धरायची, ते ठोकायचे. ताटं झाली, वाडगे झाले, एक बऱ्यापैकी बादली झाली. सुरईच्या वाटेला दोघंही गेले नाहीत.

पुढच्या थंडीत तिचा उजवा हातही हलायला लागला. त्या दिवशी तिनं पत्रा मास्तरांकडे दिला, खुर्ची मागं सरकवली आणि दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. मास्तरांनी काम थांबवलं आणि चहा केला. तो तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एकटेच ठोकायला बसले. ताई आली. खुर्ची ओढून खुंटाच्या ओंडक्याजवळ बसली आणि दोन्ही तळहात ओंडक्यावर दाबून ठेवले. मास्तरांना कळेना ती काय करतेय. त्यांनी ठोकायला सुरुवात केली. एक, मग दुसरा, मग तिसरा.

"हा चुकला," ती म्हणाली. ती बघतही नव्हती. डोळे मिटलेले होते.

मास्तरांनी पत्रा उजेडात धरला. घाव खरंच कडेला पडला होता.

"तुला कसं कळलं?"

तिनं डोळे उघडले नाहीत, त्यामुळे त्यांचा प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही. तिचे तळहात लाकडावर होते, प्रत्येक घाव लाकडातून तिथं पोचत होता, आणि लाकडावर दाबलेले होते तोवर ते फारसे हलत नव्हते. मास्तरांनी पत्रा परत खुंटावर ठेवला, हातोडा उचलला आणि पडू दिला. ती काही म्हणाली नाही. त्यांनी पत्रा केसभर सरकवला.